सातव्या माळेचा आवाज

शेहेचाळिसाव्या वर्षी माणसानं नवीन काही शिकू नये, असं माझं म्हणणं नाही. शिकावं, पण अर्धं शिकून झाल्यावर आपल्याला येतंय असं समजू नये. मी नेमकं तेच समजलो. त्यापायी एका म्हाताऱ्या बाईचे गुडघे फुटले आणि मी शेजारी उभा राहून बघत होतो.

मी वैजनाथ, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. जळकोटहून हायवे सोडून आत आठ किलोमीटरवर आमचं गाव. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या कार्यक्रमासाठी मुलांची गाणी मोबाईलवर रेकॉर्ड केली आणि तेव्हापासून डोक्यात किडा शिरला. सोलापूरहून माईक आणला, कान झाकणारा मोठा हेडफोन आणला, लॅपटॉपवर फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं आणि मधल्या खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्या. माझ्या बायकोनं, दैवशालानं, एकदा दारातून डोकावून विचारलं, "हितं काय बाळंतीण ठेवायची हाय का?" मी दार लावून घेतलं.

मिक्सिंग म्हणजे काय, तर वेगवेगळं रेकॉर्ड केलेलं एकत्र असं बसवायचं, की प्रत्येकाला आपापली जागा मिळावी. सांगायला सोपं आहे. मी संबळ वाढवला की गळा बुडायचा. गळा वर काढला की झांज कानात टोचायची. झांज दाबली की सगळंच मेल्यासारखं वाटायचं, म्हणून मग मी सगळंच वाढवायचो आणि पडद्यावर लाल दिवे पेटायचे. घुमारा द्यायला गेलो की गाणारा आडात पडल्यासारखा वाटे. चार तास कान शिणवून रात्री जे झकास वाटायचं, ते सकाळी ऐकवत नसे. व्हिडिओतला माणूस सांगायचा, ही कळ दाबा, आवाज मोठा होतो. मी दाबायचो. का दाबायची ते विचारायचं मला सुचलं नाही, आणि वर्गात मुलांना मात्र मी रोज म्हणतो, पाठांतर नको, समजून घ्या.

तरी गावात माझं नाव झालं. वैजनाथ सर रेकॉर्डिंग करतात, असं लोक म्हणायला लागले. मी नाही म्हणालो नाही.

आमच्या गावात नवरात्राची एक रीत आहे. नऊ दिवसांच्या नऊ माळा, आणि प्रत्येक माळेला सकाळी देवीच्या देवळात पहिलं गाणं कुणी म्हणायचं ते ठरलेलं. सातवी माळ धुरपदाबाईची. धुरपदाबाई म्हणजे आमच्याकडची आराधीण, गळ्यात कवड्यांची माळ घालून तुळजापूरच्या आईची गाणी गाणारी. सासूकडून आलेला सातव्या माळेचा हा मान तिनं एकेचाळीस वर्षं सांभाळला होता. ज्याला आपल्या माळेला गाता आलं नाही, त्याची माळ दुसऱ्या घरात जाते आणि परत येत नाही. यात कुणी दुष्टावा करत नाही, रीतच तशी आहे.

गेल्या पावसाळ्यात तिला धाप लागायला लागली. डॉक्टरनं सांगितलं, गाणं कमी करा. देवळात उभं राहून, आराध्यांच्या सगळ्या मेळ्याच्या वर आवाज काढून गाणं आता होणार नव्हतं. देवळाचं बघणारे श्रीमंतराव भले माणूस. ते म्हणाले, "मावशे, सरांकडून गानं भरून घे. भोंग्यावर तुझाच आवाज वाजला तर माळ तुझीच. कोन काय म्हनतंय बघू."

म्हणून ती माझ्याकडं आली. पायरीवर बसून दम खाल्ला आणि म्हणाली, "सर, माझं येक गानं डब्यात भरून ठिवा. आईच्या कानावर गेलं म्हंजी झालं."

मी तिला गोधड्यांच्या खोलीत बसवलं. बाई बसूनच, हळू, थांबत थांबत गायली, पण काय गायली! देवीनं मेंढरं राखणाऱ्या पोरीकडं पाणी मागितलं, असं तिनंच रचलेलं गाणं होतं. मला मात्र हेडफोनमध्ये दुसरंच ऐकू येत होतं. ती श्वास घ्यायची आणि कवड्या एकमेकींवर आपटायच्या. खट, खट.

"मावशी, माळ काढून ठेवा. आवाज येतोय तिचा," मी म्हणालो.

"गाताना काढत न्हाईत, सर."

"दहा मिनिटांचा प्रश्न आहे."

"न्हाय हो. आराधनीनं माळ काढून गायचं म्हंजी..."

आणि इथं मी जे बोललो ते आठवलं की आजही मान खाली जाते. मी म्हणालो, "देवी काय माईकमधून बघती का, मावशी? आणि खटखट आली तर गाणं भोंग्यावर लावण्याजोगं होणार नाही. मग बघा, माळ जाईल."

माळ जाईल म्हटल्यावर तिनं माळ काढली. बरोबरच्या जोगव्याच्या परडीत ठेवली, तिला हात जोडले आणि परत गायली. गाताना तिचा हात सारखा गळ्याकडं जात होता. रेकॉर्डिंग मात्र स्वच्छ झालं, आणि मी खूश.

संबळ, तुणतुणं आणि झांज मी मेळ्यातल्या लोकांकडून वेगळी भरून घेतली होती. सगळं बसवायला आठ दिवस लागले. गळा बारीक वाटत होता, म्हातारीचाच गळा तो. तेव्हा एका व्हिडिओत युक्ती सापडली. गळ्याची एक प्रत काढायची, एक डाव्या कानात, दुसरी उजव्या कानात, आणि दुसरी उलटी करायची. एवढं केलं, वर थोडा घुमारा दिला आणि हेडफोनमध्ये धुरपदाबाईचा आवाज असा पसरला, की माझ्या डोक्याच्या चारी बाजूंनी ती गातेय. मला रडू यायचं राहिलं. मी दैवशालाला गाणं मोबाईलवर पाठवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन शाबासकीची वाट बघत उभा राहिलो.

तिनं मोबाईल डब्याला टेकवून ठेवला, भाकरी थापत ऐकलं आणि म्हणाली, "अहो, ह्यात बाई कुठं हाय?"

"म्हणजे?"

"संबळ वाजतोय. बाईचा आवाजच न्हाय. लांब कुठंतरी कोन कन्हतंय नुसतं."

"तुझा तो डबडा मोबाईल!" मी केवढ्यानं ओरडलो. "संगीत ऐकायचं असेल तर हेडफोन लावावा लागतो. भाकरी थाप तू."

तिनं भाकरी उलटली.

सातव्या माळेला सकाळी देवळासमोर सगळं गाव. धुरपदाबाई नवं हिरवं लुगडं नेसून, कवड्या घालून, मेळ्याच्या पुढं बसलेली. साऊंडवाला बंडप्पा. त्याचा नेहमीचा ॲम्प्लिफायर आणि पिंपळाला बांधलेला एकच भोंगा. माझ्या मोबाईलमधून निघालेल्या वायरच्या लाल आणि पांढऱ्या अशा दोन पिना त्यानं जोडल्या. मी पांढरा शर्ट घालून गेलो होतो. कशाला, तर सत्कार झालाच तर असावा.

गाणं सुरू झालं. तुणतुणं वाजलं, संबळ खणखणला, झांज आली. गळा यायची जागा आली आणि गळा आलाच नाही. संबळ आपला वाजतोय, आणि त्याच्या मागं, आडाच्या तळाशी कुणी हुंदके द्यावेत तसा नुसता घुमारा. लोकांनी आधी वाट बघितली, मग एकमेकांकडं बघितलं. मेळ्यातली अयोध्या, धुरपदाबाईच्या मागं गाणं धरणारी, हळूच म्हणाली, "आवाज कुठं गेला मावशीचा?"

मी बंडप्पावर धावून गेलो. "तुझा ॲम्प्लिफायर गेलाय. असलं भंगार देवळात आणतोस?"

"सर, सहा माळा ह्याच्यावरच वाजल्या की," तो म्हणाला.

"मग आज गेला असेल!" मी सगळ्यांदेखत म्हणालो. त्यानं दुसरं गाणं लावून बघितलं. भोंगा खणखणीत वाजला. बंडप्पा माझ्याकडं बघत राहिला आणि मी वायरकडं.

तेवढ्यात धुरपदाबाई उठली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. ती देवीकडं तोंड करून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "म्या माळ काढून गायले. आईनं आवाज काढून घितला."

एवढंच म्हणाली. कुणाच्या सांगण्यावरून काढली ते सांगितलं नाही. माझं नाव तिच्या ओठांवर आलंच नाही. मी तीन हातांवर उभा होतो. तोंड उघडून "मी काढायला लावली" एवढे तीन शब्द बोलायचे होते. मुलांना भाषण शिकवणाऱ्या माणसाची वाचा गेली.

लोकांत कुजबुज सुरू झाली. श्रीमंतराव म्हणाले, माळेचं काय ते नवव्या दिवशी बघू. अयोध्येनं वेळ भागवायला एक गाणं म्हटलं.

घरी येऊन मी दुपारी दैवशालाच्या मोबाईलवर गाणं लावलं. बाई नव्हती. हेडफोन लावला, बाई होती. एक कान काढला, तरी होती. मग लॅपटॉपवर दोन्ही बाजू एकत्र केल्या. बाई गेली. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. एक प्रत सरळ, एक उलटी, म्हणजे एकीची लाट वर जाते तिथं दुसरीची खाली. दोन कानांत वेगवेगळ्या असतात तोवर ठीक, पण भोंगा एकच. एकाच गाडीला एक जण पुढून ढकलतोय, दुसरा मागून, तेवढ्याच जोरानं. गाडी जागची हलणार कशी? आईनं काही काढून घेतलं नव्हतं. धुरपदाबाईचा आवाज मीच पुसला होता, माझ्या हातानं, सगळ्यात भारी करायच्या नादात.

देऊळ आमच्या दारापासून दोनशे पावलं. तिचं घर दुसऱ्या बाजूला, त्याहूनही जवळ. मी चपला घातल्या, काढल्या, परत घातल्या. मनात म्हटलं, चारचौघांत बंडप्पाला बोललोय, बायकोला बोललोय, आता काय तोंड घेऊन जाऊ? म्हटलं, उद्या शांतपणे सांगू. उद्या म्हणणाऱ्या मुलांना मी अंगठे धरायला लावायचो.

दुसऱ्या दिवशी उजाडताना गलका ऐकू आला. बाहेर येऊन बघतो तर धुरपदाबाई ओल्या लुगड्यानं दंडवत घालत निघालेली. घरापासून देवळापर्यंत. आडवं पडायचं, हात लांब करून रेघ मारायची, उठून रेघेवर उभं राहायचं, परत पडायचं. बाहत्तर वर्षांची बाई, धाप लागलेली. रस्ता नवा, सिमेंटचा, त्यावर खडी सांडलेली. सून गिरिजाबाई बाजूनं चालत रडत होती. "आत्या, बास करा."

"माझी माळ माझ्याकडं ऱ्हाऊ दे, आई," एवढंच धुरपदाबाई दर वेळी पडताना म्हणत होती.

माझ्या दारासमोर आल्यावर ती बसली. श्वास मावत नव्हता. मी आत पळालो, तांब्या भरून आणला आणि तिच्या हातात दिला. ती चार घोट प्यायली आणि म्हणाली, "लई पुन्य लागंल सर तुमाला." गुडघ्यांवर लुगड्याला रक्त आलेलं मला दिसत होतं. तेव्हा तरी बोलावं. समोर होती, हाताच्या अंतरावर. पण आता सांगायचं म्हणजे काल का नाही सांगितलं हेही सांगावं लागणार होतं. तिनं तांब्या परत दिला, उठली आणि परत रस्त्यावर आडवी झाली. मी देवळापर्यंत मागं मागं गेलो. लोकांना वाटलं, सर किती भाविक.

दैवशालाला मी त्या रात्री सांगितलं. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती म्हणाली, "म्या सांगितलं हुतं तुमाला." मग अंथरूण घालता घालता म्हणाली, "पन माझं जाऊ द्या. त्या बाईचं काय?"

नवव्या माळेला मी ठरवून गेलो. नवं दुरुस्त केलेलं गाणं नेलं नाही. ते नेलं असतं तर लोक म्हणाले असते, दुसरं गाणं आणलं. मी तेच गाणं लावणार होतो आणि सगळ्यांसमोर एका प्रतीची पिन उपटून दाखवणार होतो, म्हणजे चूक कुणाची ते दगडालाही कळलं असतं. खरं सांगायचं तर त्यातही पळवाट होती. मला वाटलं, वायरच बोलेल, मला फार बोलावं लागणार नाही.

माळेचा निर्णय व्हायच्या आधी मी म्हणालो, सातव्या माळेचं गाणं परत एकदा लावू द्या. बंडप्पानं जोडलं. तोच संबळ, तोच रडका घुमारा. लोक चुळबुळले. धुरपदाबाई खाली बघत होती. मी म्हणालो, "बंडप्पा, लाल पिन काढ."

त्यानं पिन ओढली आणि भोंग्यातून धुरपदाबाई गायला लागली. उघडा, रांगडा, पिंपळाची पानं हलतील असा आवाज. मी माईक उचलला, "गावकऱ्यांनो, चूक माझी होती, आवाज या वायरमुळं..."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. "आई राजा उदो उदो!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळं देऊळ ओरडलं. दंडवत पावला. आईनं आवाज परत दिला. कुंकू उधळलं गेलं, बायका धुरपदाबाईला मिठ्या मारायला लागल्या. मी दोनदा, तीनदा म्हणालो, अहो, वायर, माझी चूक. श्रीमंतरावांनी माझ्या हातातून माईक घेतला आणि म्हणाले, "बघा सरांचं मन! म्हातारीवर बोल यिऊ नये म्हून दोष सोताच्या अंगावर घेत्यात." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला. पांढऱ्या शर्टाच्या वेळी न झालेला सत्कार असा झाला.

एकट्या बंडप्पाला कळलं होतं. लाल पिन हातात धरून त्यानं ती जोडून बघितली, काढून बघितली आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "माझा ॲम्प्लिफायर बरा झाला वाटतं, सर." मी त्याची माफी मागितली. तो मान हलवून वायरी गुंडाळायला लागला.

मग गर्दीतून वाट काढत, दोन्ही बाजूंनी बायकांनी धरलेली, लंगडत धुरपदाबाई आली आणि मला काही कळायच्या आत वाकली. माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी मागं सरायला पाहिजे होतं. मागं भिंत होती.

पुढचे काही दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. माळ धुरपदाबाईकडंच राहिली, म्हणजे जे हवं होतं ते झालंच, असं मी स्वतःला समजावत होतो. मग आता कशाला तिच्या मनाला धक्का द्या. शहाण्या माणसाला गप्प बसायला कारणं कमी पडत नाहीत. दसरा झाला. रविवारी सकाळी दैवशाला डोक्यावर पदर घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "तुमी जाता का मी जाऊ?"

मी गेलो. धुरपदाबाई ओट्यावर पाय पसरून बसली होती आणि गिरिजाबाई तिच्या गुडघ्यांना हळद-तेल लावत होती. डावा गुडघा अजून सुजलेला. मला बघून म्हातारीचा चेहरा फुलला. "या, या. गिरिजे, सरांना चा टाक."

"चहा नको," मी म्हणालो आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. उलटी प्रत, एकच भोंगा, एकमेकांना खाऊन टाकणारे दोन आवाज. तिला समजेल अशा शब्दांत सांगितलं, आणि ते तिला लगेच समजलं. मला समजायला जेवढा वेळ लागला त्याच्या शंभराव्या हिश्शानं समजलं.

"म्हंजी आई रागावली नव्हती," ती म्हणाली.

"नाही, मावशी. माळ मी काढायला लावली, आवाजही मीच घालवला."

तिच्या चेहऱ्यावर मोकळेपणा आला. खरंच आला, मी बघितला. तिनं डोळे मिटून हात जोडले. मला वाटलं, सुटलो. मी ओट्याच्या कडेला टेकलोही.

डोळे उघडून तिनं विचारलं, "कवा कळलं हे तुमाला?"

हा प्रश्न येईल हे मला घरातून निघतानाच माहीत होतं. वाटेत मी त्याला चार उत्तरं तयार केली होती, त्यातली तीन खोटी होती.

"सातव्या माळेला," मी म्हणालो. "दुपारी."

गिरिजाबाईचा तेलाचा हात गुडघ्यावर तसाच थांबला. धुरपदाबाईनं सातवी, आठवी असे दोन दिवस बोटांवर मोजले. मग लुगडं ओढून तिनं दोन्ही गुडघे झाकून घेतले, परक्या पुरुषासमोर बाई झाकते तसे.

"जावा आता, सर," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुमची शाळा आसंल."

रविवार होता. तिलाही ठाऊक होतं, गिरिजाबाईलाही.

"हो, शाळा आहे," मी म्हणालो आणि उठलो.